हिरडीची शस्त्रक्रिया विजेने : भीती किती, काळजी किती?

'हिरडी विजेने कापू' असे दंतवैद्यांनी म्हटले की शॉक बसेल या भीतीने पुष्कळ जण उपचारच टाळतात. ही भीती अनाठायी आहे. मात्र या पद्धतीच्या मर्यादाही ठाऊक हव्यात.

घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, या यंत्रातील प्रवाह लाखो करतो. एवढ्या वेगाच्या प्रवाहाने नसा व स्नायू उत्तेजित होत नाहीत, म्हणून झटका बसत नाही. बारीक तारेच्या टोकाशी पेशींतील पाण्याची वाफ होऊन हिरडी कापली जाते, आणि उष्णतेने लहान रक्तवाहिन्या बंद होतात. रक्तस्राव कमी झाल्याने डॉक्टरांना जागा स्वच्छ दिसते. बोस्टन येथे १९२६ साली डॉ. हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांचे असे यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले, तेव्हापासून ही पद्धत रुळली.

फेफऱ्यावरील फेनिटॉइन, रक्तदाबावरील निफेडिपिन व अॅम्लोडिपिन या औषधांनी काहींच्या हिरड्या वाढून दात झाकू लागतात. अशी वाढ किंवा अक्कलदाढेवरचे हिरडीचे झाकण या पद्धतीने काढता येते. त्याआधी दातांवरील कीटण काढणे आवश्यक असते. हिरडी वाढली म्हणून फेफऱ्याचे औषध स्वतःहून बंद करू नये. फिट येऊन जिवावर बेतू शकते. औषध बदलायचे की नाही, हे ते देणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावे.

खरा धोका उष्णतेचा आहे. तारेचे टोक हाडाला लागल्यास हाडाचा तेवढा भाग मृत होऊ शकतो, हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडते. म्हणून टोक एका जागी थांबवत नाहीत, आणि त्याच जागी पुन्हा लावण्यापूर्वी काही सेकंद थांबतात. पायोरियात हाडापर्यंत पोचायचे असेल तेथे नेहमीची सुरीच बरी. हृदयात पेसमेकर असल्यास दंतवैद्यांना आधीच सांगावे. या प्रवाहाने त्याच्या कामात अडथळा येऊ शकतो.

शस्त्रक्रिया जागा बधिर करूनच होते. जळका वास येतो, त्याने घाबरू नये. नंतर काही दिवस गरम व तिखट खाऊ नये, तंबाखू-मिश्री कटाक्षाने टाळावी. रक्त थांबत नसेल किंवा वेदना वाढत असतील तर त्वरित दवाखाना गाठावा. आणि रोजची दातांची सफाई सोडू नये, नाहीतर कापलेली हिरडी पुन्हा वाढते.