गाडीच्या केबिनमध्यें शिरणाऱ्या पाण्याचा शोध

आषाढाच्या झडींत भाजीपाला घेऊन बाजारपेठेस जाणाऱ्या पिकअप गाडीच्या चालकाच्या पायांखालीं पाणी सांचूं लागलें, म्हणजे बहुतेक शेतकरीबंधु लागलीच सिलिकॉनची नळी आणून समोरच्या काचेच्या कडा लिंपावयास बसतात. आम्हींहि तेंच केलें होतें. दोन पावसाळे हा उपचार चालला. पाणी थांबलें नाहीं. अखेर बॉनेट उघडून पाहिलें, तों काचेखालच्या पन्हळींत कडुनिंबाच्या पानांचा थर कुजून बसला होता व निचऱ्याचें भोंक पार बुजलें होतें. तुंबलेलें पाणी हवा आंत घेण्याच्या मार्गानें केबिनमध्यें उतरत होतें. पानें काढतांच तें बंद झालें.

कालव्याखालच्या शेतांत जेथें ओल फुटते तेथेंच पाट फुटलेला असतो असें नाहीं, हें वाचकांस सांगावयास नको. गाडींतहि तसेंच आहे. पाणी पत्र्याच्या घडीवरून किंवा वायरींच्या जुडग्यावरून सरकत जाऊन शिरकावाच्या जागेपासून हातभर दूर टपकतें. यास्तव ओल दिसेल तेथें लिंपण्यापूर्वीं शोध करावा.

प्रथम पाणी कोणतें तें पाहावें. पाऊस नसतांना, एसी चालू ठेवल्यावर स्वच्छ व गंधहीन पाणी येत असेल, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे असें समजावें. हीटर असलेल्या गाडींत पाणी रंगीत व बोटांस बुळबुळीत लागून गुळचट वास येत असेल आणि काच आंतून धुरकटत असेल, तर तें पाणी नव्हे, कूलंट होय. त्यांत बहुधा असणारें एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड पण विषारी असतें. तें पुसलेल्या चिंध्या गुरांच्या किंवा कुत्र्याच्या तोंडीं लागूं देऊं नयेत.

पाऊस पडतांच ओल येत असेल, तर मात्र पुढील परीक्षा करावी. चटया व त्यांखालील नमदा काढून तळ कोरडा पुसावा आणि सांध्यांवर खडूची पूड भुरभुरावी. ओघळ तिच्यावर स्पष्ट उमटतो. एकानें बॅटरी घेऊन आंत बसावें, दरवाजे लावून घ्यावे, व दुसऱ्यानें बागेच्या रबरी नळीनें मंद धार सोडावी. धार नेहमीं खालून वर न्यावी: आधीं उंबरठा, मग दरवाजा, मग काचेची खालची कड, शेवटीं टप. प्रत्येक ठिकाणीं पांच-दहा मिनिटें तरी थांबावें. आरंभींच टपावर पाणी ओतलें, तर तें सर्वच सांध्यांवरून वाहतें व दोषी सांधा कोणता हें कळत नाहीं. गाडी धुण्याचा दाबाचा पंप या कामीं वापरूं नये. पाऊस जेथून कधींच शिरला नसता तेथूनहि तो पाणी घुसवितो.

दरवाजाविषयीं एक मोठा गैरसमज आहे. खिडकीच्या काचेवरून ओघळणारें कांहीं पाणी दरवाजाच्या पोकळींत जावयाचेंच. तें तळच्या भोंकांतून बाहेर पडावें अशीच त्याची रचना असते. तीं भोंकें चिखलानें बुजलीं, किंवा आंतील अस्तरामागचा प्लॅस्टिकचा पडदा दुरुस्तीच्या वेळीं फाटला, म्हणजे पाणी केबिनमध्यें येतें. कित्येक जण तीं भोंकेंच लिंपून टाकतात! दरवाजाच्या रबराची परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी मध्यें धरून दरवाजा लावावा व पट्टी ओढावी. ती सहज सुटली तर तेथें रबर दबलेलें आहे.

उभ्या गाडींत गळत नाहीं, पण पाण्यानें भरलेल्या रस्त्यानें जातांना पाय भिजतात, अशी तक्रार असल्यास चाकांमागील पत्र्यांतून वायरी जेथून आंत येतात तेथील रबरी बुचें तपासावीं.

पाणी काढून देण्यासाठीं तळास भोंक पाडण्याचा सल्ला आम्हीं ऐकला आहे. तो मानूं नये. त्या भोंकाच्या कडेपासूनच गंज धरतो, व खालून चिखल वर येतो तो निराळाच. दोष दूर झाल्यावरहि नमदा बाहेर काढून उन्हांत पुरता वाळवावा, कारण वरून कोरडा दिसला तरी तो पोटांत पाणी धरून ठेवतो, आणि त्याखालीं तळ गंजत व वायरींचे जोड हिरवे पडत राहतात.