तीन एकर सेंद्रिय करायचे, तर पैसा जातो कुठे?

सेंद्रिय शेती स्वस्तात होते, असे ऐकून कोणी पुणे-सोलापूर पट्ट्यात तीन एकर हलकी जमीन करायला घेणार असेल, तर हिशेब खतापासून नव्हे, खुरप्यापासून मांडावा. दोन एकर पीक आणि एक एकर माळ असे धरू. दर गावागणिक बदलतात, तेव्हा पुढचे आकडे अंदाजापुरते.

जीवामृताला २०० लिटर पाणी, १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती लागते. एवढे एका एकराला पुरते. गाय घरची असेल तर एका पिंपाला अडीचशे-तीनशे रुपये पडतात. चार महिन्यांच्या पिकाला महिन्यातून एकदा दिले, तर दोन एकरांची आठ पिंपे अडीच हजारांच्या आत बसतात.

आता खुरपणी. तणनाशक बंद म्हटल्यावर एकराला दहा बायका धरा, रोज ३०० ते ३५०. दोन एकरांच्या दोन खुरपण्यांना बारा ते चौदा हजार. शिवारात सगळ्यांचे तण एकदमच माजते, त्यामुळे ऐन वेळी पैसे मोजूनही माणूस मिळत नाही. पाचटाचे आच्छादन आणि वेळेवर कोळपणी यांनी एक खुरपणी वाचली, तर त्यासारखी बचत दुसरी नाही. शेणखत विकत घेताना हात घालून बघा. कच्च्या खतातून हुमणी आणि तणाचे बी फुकट येते. दुकानातल्या ‘सेंद्रिय’ बाटल्या पहिल्या वर्षी नकोतच.

उरला माळ. नव्या मालकाचा हात इथेच सैल सुटतो: जेसीबी लावून सपाटीकरण, खड्डे, गिरिपुष्पाची रोपे. हे काहीच करू नका. पवन्या, मारवेल, कुसळी यांचा माळ ही पडीक जमीन नव्हे. चंडोल तिथे जमिनीवरच घरटे करतो. पावसाळाभर चराई बंद ठेवा, बी झडल्यावर गवत कापा, गाजरगवत फुलण्याआधी उपटा. वर्षाला चार-सहा मजुरांचे रोज, आणि बदल्यात गायीची वैरण.

कुंपणाचा मोह आवरा. तीन एकरांचा चौकोन धरला तरी परीघ साडेचौदाशे फुटांच्या आसपास जातो. जाळी आणि खांब दीड लाखाच्या खाली क्वचितच येतात. घायपात, सागरगोटा लावलात तर रोपांचा नि लावणीचा खर्च, शिवाय तीन-चार वर्षांची वाट.

प्रमाणपत्राचे दोन मार्ग आहेत. माल निर्यात करायचा असेल तर केंद्राच्या एनपीओपी या सेंद्रिय प्रमाणन कार्यक्रमाखाली मान्यताप्राप्त संस्थेची तपासणी; एकट्याला ती महाग पडते, गटात परवडते. देशात विकायचे असेल तर पीजीएस-इंडिया: किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो, खर्च नावापुरता. एनपीओपीत हंगामी पिकांना दोन आणि फळबागेला तीन वर्षे रूपांतराची जातात. त्या काळात उत्पन्न घटू शकते आणि सेंद्रियचा भावही मिळत नाही. खर्चाच्या वहीत हे वेगळे पान ठेवा. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा उत्पादक प्रमाणपत्राविना थेट ग्राहकाला विकू शकतो, फक्त सेंद्रियचे अधिकृत चिन्ह लावता येत नाही. परंपरागत कृषी विकास योजनेत गटातून मदत मिळते. मात्र ती हाती येईपर्यंत खुरपणीचे पैसे खिशातूनच काढावे लागतील, म्हणून पहिल्या खरिपाआधी तेवढी रक्कम बाजूला ठेवा.