हेमंत-शिशिरातील जलक्रीडा : निषेध की नियोजन?

मार्गशीर्ष लागला की चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येऊ लागतो. शाळेची सहल वॉटर पार्कला निघालेली असते, मूल हट्टाला पेटलेले असते आणि पालक विचारतात, "थंडीचे दिवस आहेत, पाठवावे का?" मुंबईजवळ गोराई येथे १९९८ साली वॉटर किंगडम सुरू झाले. त्यानंतर पुणे, लोणावळा, खोपोली आदी परिसरांत अशी जलोद्याने रुळली. आपल्याकडील हिवाळा सौम्य असल्याने ती थंडीतही खुली असतात आणि शालेय सहली तर बहुधा डिसेंबर-जानेवारीतच निघतात. त्यामुळे हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शास्त्राधारे कसे द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

एक अनुभव

या लेखास निमित्त झाली ती आमचीच एक चूक. तमक श्वासाचा नऊ वर्षांचा एक रुग्ण आमच्याकडे उपचार घेत होता. वेग बरेच कमी झाले होते. त्याच्या आईने सहलीविषयी विचारले, तेव्हा आम्ही कागदावरून मान वर न करताच "थंडीत पाणी? मुळीच नको" असे सांगून मोकळे झालो. मुलगा सहलीला गेलाच. वैद्यांनी मना केले असल्याने आजाराची गोष्ट शिक्षकांच्या कानावर घातली गेली नाही आणि नेहमीचा इन्हेलर घरीच राहिला. दुपारी जेवल्याबरोबर तो पुन्हा पाण्यात उतरला, सायंकाळी ओल्या कपड्यांनिशी उघड्या खिडकीशी बसून परतला आणि मध्यरात्री त्याला श्वासाचा तीव्र वेग आल्याने रुग्णालयात न्यावे लागले. तो सुखरूप बरा झाला. पुढे त्याची आई म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात, मग काय काळजी घ्यायची ते कोणाला विचारणार?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. निषेध सांगून आम्ही आपले कर्तव्य संपले असे मानले. पथ्य मात्र सांगितलेच नव्हते.

शास्त्रविचार

हेमंत हा विसर्गकालाचा शेवट होय. या काळात शरीरबल उत्तम असते. बाह्य शैत्याने शरीरोष्मा कोंडला जाऊन अग्नी प्रदीप्त होतो आणि त्यास पुरेसे स्निग्ध, गुरु अन्न न मिळाल्यास तो रसधातूचे शोषण करून वायूचा प्रकोप घडवितो. चरकाचार्यांनी या ऋतूत अभ्यंग, उद्वर्तन, आतपसेवन व उष्ण निवास सांगितला असून लघु व वातवर्धक अन्नपान आणि प्रवात, म्हणजे जोराचा वारा, वर्ज्य केला आहे. येथे स्नानाचा निषेध नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शिशिरात हाच विधी अधिक कटाक्षाने पाळावयाचा असतो. मात्र वाग्भटमतानुसार या ऋतूत कफाचा संचय होऊ लागत असल्याने कफप्रधान रुग्णांबाबत अधिक सावध राहावे.

वाग्भटाचार्यांनी स्नानासाठी अनर्ह ठरविलेले रुग्णही येथे आठवावेत : अर्दित, नेत्र-मुख-कर्णरोग, अतिसार, आध्मान, पीनस व अजीर्ण यांनी पीडित, तसेच नुकतेच भोजन केलेले. वॉटर पार्कच्या दिवशी यांतील शेवटचा नियम सर्रास मोडला जातो. तमक श्वासाचे वर्णन करताना मेघ, जल, शीत व पूर्वेकडील वारा यांनी तो वाढतो, असे चरकसंहितेत आले आहे. शीतपित्ताच्या निदानात शीत वायूच्या स्पर्शास अग्रस्थान आहे.

आधुनिक शरीरक्रियाविज्ञान हाच विचार वेगळ्या भाषेत मांडते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. पाण्याबाहेर आल्यावरही हानी थांबत नाही. १०० ग्रॅम पाणी अंगावर वाळताना सुमारे ५८ किलोकॅलरी उष्णता लागते आणि तिच्यातील बराच वाटा शरीराकडून घेतला जातो. वाऱ्याने हे बाष्पीभवन अधिक वेगाने होते. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने ती लवकर गारठतात. म्हणजेच तलावातील पाण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, अपाय ओल्या अंगावरील वारा करतो. याशिवाय क्लोरिनचा घाम व मूत्रातील घटकांशी संयोग होऊन तयार होणारी द्रव्ये डोळे व श्वासमार्ग यांचा क्षोभ करतात. श्वासरुग्णास शीत व क्षोभ हे दोन्ही हेतू एकाच वेळी मिळतात.

कोणास स्पष्ट नकार द्यावा

ज्वर, नवीन प्रतिश्याय, कर्णस्राव किंवा कर्णपटलास छिद्र, नेत्राभिष्यंद असल्यास अनुमती देऊ नये. अतिसाराच्या रुग्णास त्याच्या व इतरांच्याही हितासाठी थांबवावे, कारण काही परजीवी क्लोरिनलाही दाद देत नाहीत. शीतपित्ताचा वेग गार पाण्याने येत असेल तर नकार निरपवाद असावा. सर्वांग पाण्यात बुडाल्याने अशा रुग्णाचा रक्तदाब एकाएकी घसरून मूर्च्छा येण्याचा धोका असतो. हृद्रोगी, अनियंत्रित रक्तदाब असलेले, अपस्माराचे रुग्ण व गर्भिणी यांनाही परावृत्त करावे. तमक श्वास अस्थिर असेल, अलीकडे रात्री धाप लागत असेल, तर नकारच योग्य. तो दीर्घकाळ स्थिर असेल तर पुढील नियमांसह, शिक्षकांना कल्पना देऊन आणि चालू असलेली आधुनिक औषधे व इन्हेलर जवळ ठेवूनच विचार करावा. नकार देतानाही, "तरीही गेलाच तर हे पाळा" असे सांगण्यास विसरू नये.

दिवसाचा क्रम

अभ्यंग सहलीच्या आदल्या सायंकाळी तिळतेलाने करून उद्वर्तन व उष्ण जलाने स्नान घालावे. पाण्यात उतरण्यापूर्वी तेल लावणे श्रेयस्कर वाटते. परंतु तेलकट अंगाने घसरगुंडीच्या पायऱ्यांवरून पाय निसटतो आणि तलावाचे पाणीही दूषित होते.

पहाटे उपाशीपोटी बसमध्ये बसविणे हेमंतात सर्वथा अनुचित होय. तूप घातलेला गरम उपमा, शिरा किंवा खिचडी निघण्यापूर्वी द्यावी. न्याहारी व पाणी यांत किमान दीड ते दोन तासांचे अंतर राखावे.

पाण्यात उतरण्याची वेळ अकरानंतरची, ऊन चढल्यावरची असावी. एका वेळी वीस ते तीस मिनिटांहून अधिक न थांबता बाहेर यावे, अंग पुसावे व उन्हात बसावे. ओठ निळसर होणे, दातखीळ बसू लागणे, कापरे भरणे ही तत्काळ बाहेर काढण्याची लक्षणे होत. कापरे थांबून मूल सुस्त व बडबडे होऊ लागल्यास ते बरे झाले असे न समजता गंभीर चिन्ह मानावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

भोजनापूर्वी कपडे पूर्ण बदलावेत. भोजन उष्ण व स्निग्ध असावे. शीतपेय व आइस्क्रीम वर्ज्य. त्यानंतर दोन तास पाणी नाही. दुपारी साडेतीननंतर पुन्हा न उतरणे हेच बरे, कारण ऊन उतरते आणि घाटमाथ्यावर गार वारा सुटतो.

निघताना डोके कोरडे करावे, कान बाहेरून मऊ कापडाने टिपावेत, काडी घालू नये. कोरडे अंतर्वस्त्र, पायमोजे व कानटोपी बरोबर असावी. सुंठ व गूळ घालून उकळलेले पाणी कोमट द्यावे. तप्त पेयात मध घालू नये.

औषधालय चालकांसाठी

या दिवसांत "सर्दी होऊ नये म्हणून काहीतरी द्या" अशी मागणी येते. अशा वेळी त्रिभुवनकीर्ती रसासारखे कल्प वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत. त्यात वत्सनाभ व हिंगुळ आहे. वत्सनाभयुक्त औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. 'आधीच देऊन ठेवावे' असे ते औषध नव्हे. सितोपलादी चूर्ण कासाची लक्षणे दिसू लागल्यावर वय व बलानुसार उपयुक्त ठरते. मधुमेही ग्राहकास त्यातील खडीसाखरेची जाणीव करून द्यावी. अणुतेलाचीही मागणी असते. परंतु शिरःस्नान केलेला व स्नानास निघालेला हे दोघेही नस्यास अनर्ह सांगितले आहेत. म्हणून सहलीच्या दिवशी नस्य टाळून नंतर वैद्याच्या सल्ल्याने करावे. कानात तेल घालण्यापूर्वी पू किंवा छिद्राविषयी विचारणे ही विक्रेत्याचीही जबाबदारी आहे.

उपसंहार

ऋतुचर्या सांगणाऱ्या आचार्यांसमोर वॉटर पार्क नव्हते; परंतु शीत, वारा, भोजनकाल व बल यांचा परस्परसंबंध त्यांनी स्पष्ट केला आहे. तो उलगडून सांगणे हे आपले काम होय. ज्या मुलाचे बल व दोषस्थिती अनुकूल आहे, त्यास वर्षातून एक दिवसाचा आनंद नाकारण्याचे शास्त्रीय कारण नाही. ज्यास नकार द्यावयाचा, त्याच्या पालकांना कारण कळले पाहिजे. त्या रात्रीनंतर आम्ही मार्गशीर्षाच्या प्रारंभी वरील नियमांचा एक कागद प्रतीक्षाकक्षात लावू लागलो आणि सहलीचा विषय निघाला की लेखणी खाली ठेवून बोलू लागलो. चिकित्सक बांधवांनीही आपल्या परिसरातील शाळांपर्यंत असा कागद पोहोचवावा, ही विनंती.