पोरगं मान का हलवतंय?

आईबाबांनो, हल्ली काही घरांतून एक चमत्कारिक दृश्य दिसतं. मूल कॉम्प्युटरसमोर बसलंय, कानांवर हेडफोन, हेडफोनच्या कडेला चिकटवलेली प्लॅस्टिकची तीन बोटं, आणि त्यांच्या टोकांना काहीच प्रकाश न दाखवणारे दिवे. मूल मधूनच मान डावीकडे किंचित वळवतं, जरा पुढे झुकतं, पुन्हा सरळ होतं. नजर मात्र पडद्यावरून हलत नाही. आजी म्हणते, ‘याला मानेचा काहीतरी त्रास दिसतोय.’ बाबा म्हणतात, ‘त्रास कसला, गेम खेळतोय.’ आणि ‘गेम’ हा शब्द उच्चारला की आपल्या घरांतलं संभाषण तिथेच संपतं, भांडण सुरू होतं.

ते भांडण जरा पुढे ढकला. मूल करतंय काय, ते आधी बघू.

सपाट पडद्यावर विमान किंवा गाडी चालवताना सगळ्यात मोठी अडचण हाताची नसते, नजरेची असते. आपल्या दोन डोळ्यांना मिळून साधारण 180 अंशांच्या आसपासचं जग दिसतं. टेबलावरचा 24 इंची मॉनिटर हातभर अंतरावरून त्यातले पन्नास अंशसुद्धा व्यापत नाही. म्हणजे मूल विमान चालवतंय खरं, पण टांग्याच्या घोड्याची झापडं लावून. धावपट्टी डाव्या हाताला आहे, पण ती पडद्यातच नाही. ट्रक चौकात उभा आहे, उजवीकडून काय येतंय ते कळायला बटण दाबावं लागतं. डोकं हलवल्याबरोबर आतलं दृश्य हलवणारं जे साधन, त्याला म्हणतात हेड ट्रॅकर.

त्याची रीत सोपी आहे. मॉनिटरवर एक छोटा कॅमेरा बसवलेला असतो. हेडफोनवरच्या त्या तीन ठिपक्यांतून अवरक्त प्रकाश येतो. तो आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. तीन ठिपक्यांमधली खरी अंतरं सॉफ्टवेअरला आधीच ठाऊक असतात. कॅमेऱ्याच्या चित्रात ती जवळ आली, लांब गेली, तिरकी झाली, की त्यावरून डोकं कुठे आहे आणि कुठे वळलंय याचा हिशेब होतो. एकूण सहा हालचाली मोजल्या जातात. मान डावी-उजवीकडे वळणं, वर-खाली होणं, खांद्याकडे कलणं या तीन. आणि डोकं बाजूला, वर-खाली आणि पुढे-मागे सरकणं या तीन. नववी-दहावीच्या मुलाला भूमितीचा इतका जिवंत उपयोग वर्गात क्वचितच भेटतो. हल्ली तर ठिपकेही लागत नाहीत. साधा वेबकॅम नाक, डोळे, हनुवटी ओळखून तेच काम करतो. थोडं कमी नेटकेपणाने, पण करतो.

आता खरी गंमत. मूल मान 90 अंश वळवेल तर पडदाच दिसणार नाही. म्हणून हालचाल वाढवून दाखवतात. मान पंधरा-वीस अंश वळली, की आतला वैमानिक पार खांद्यामागे बघतो. नजर समोर ठेवून मान तेवढी वळवायला मेंदूला थोडा सराव लागतो. सुरुवातीला दृश्य असं गरगरतं की मूल वैतागतं. मग ते सेटिंगमध्ये शिरतं. तिथे एक आलेख असतो: खाली डोक्याचा कोन, उभ्या बाजूला दृश्याचा कोन. मधोमध थोडा भाग सपाट ठेवायचा, म्हणजे श्वास घेताना हललेल्या डोक्याने दृश्य थरथरत नाही. त्याला ‘डेड झोन’ म्हणतात. पुढे रेषा हळूहळू चढवायची. ही रेषा मनासारखी बसेपर्यंत मुलं रात्र घालवतात. रात्र घालवू नये हे खरंच. पण ती रेषा म्हणजे गणितातलं फलन आहे, हे त्याला कुणीतरी सांगा. पुस्तकातलं फलन एकदम ओळखीचं वाटेल.

यामागचा इतिहासही मुलाला शोधायला लावण्यासारखा आहे. इव्हान सदरलँड यांनी 1968 साली डोक्यावर चढवायचा पडदा तयार केला. त्यात डोक्याची हालचाल मोजायला छतापासून एक यांत्रिक दांडा लटकवलेला होता. 2007 मध्ये कार्नेगी मेलनचा विद्यार्थी जॉनी ली याने निंटेंडोच्या खेळण्यातल्या रिमोटचा कॅमेरा आणि चष्म्यावर लावलेले दोन अवरक्त दिवे एवढ्यावर हाच खेळ करून दाखवला, आणि जगभरच्या हौशी पोरांनी सोल्डरिंगच्या बंदुका हातात घेतल्या. खेळणाऱ्यांमध्ये सगळ्यात प्रसिद्ध साधन ट्रॅकआयआर. अमेरिकेतल्या ऑरेगनमधली नॅचरलपॉइंट कंपनी ते बनवते. त्याच कंपनीने हात चालवता न येणाऱ्या माणसांसाठी डोक्याच्या हालचालीवर चालणारा माउसही बनवला होता. कपाळावर एक ठिपका चिकटवायचा आणि मानेने कॉम्प्युटर चालवायचा. तंत्र तेच. मला विचाराल तर या साधनाबद्दल घरात सांगण्यासारखी पहिली गोष्ट ही आहे, विमानाची नंतर.

पैशांचं आता. कारण प्रश्न शेवटी तिथेच येतो. ट्रॅकआयआर दीडशे डॉलरच्या घरात जातं, वर आयातीचा खर्च. ‘सगळ्यांकडे आहे’ असं मूल म्हणेल. सगळ्यांकडे नसतं. माझं स्पष्ट मत असं की हे साधन पहिल्या दिवशी विकत घेऊच नका. ओपनट्रॅक नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते फुकट आहे, त्याचा प्रोग्राम कुणालाही वाचता येतो, आणि घरातल्या वेबकॅमवर ते चालतं. फोनचा कॅमेरा वापरून डोक्याची माहिती घरच्या वायफायवरून कॉम्प्युटरला पाठवणारी अ‍ॅपही आहेत. मुलाला म्हणा, आधी हे बसवून दाखव. वेबकॅम सेकंदाला साधारण 30 चित्रं घेतो, ट्रॅकआयआर 5 हे 120 घेतं. फरक जाणवतो, पण आवड खरी आहे की आठवड्याची, हे कळायला 30 पुरतात. महिना-दोन महिन्यांनी मूल अजून त्यातच रमलेलं असेल आणि दृश्य कुठे अडखळतं ते नेमकं सांगत असेल, तर खरेदीचं बोलायला हरकत नाही. ज्याला हातकाम आवडतं त्याला तीन अवरक्त एलईडी, रेझिस्टर आणि एक जुना कॅमेरा द्या. सोल्डरिंग करताना शेजारी मोठं माणूस हवं, एवढंच.

कॅमेरा मुलाच्या तोंडासमोर सतत चालू राहणार, हे मात्र विसरू नका. सॉफ्टवेअर त्याच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवायचं, ‘क्रॅक’ केलेलं नाही. फोनवरचं अ‍ॅप कुठल्या परवानग्या मागतंय ते तुम्ही स्वतः वाचा. खेळ संपला की वेबकॅमवर झाकण.

शरीराबद्दल दोन शब्द. डोळे सांगतात आपण वळतोय आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं आपण खुर्चीत बसलोय. या भांडणात काही मुलांना मळमळतं. घाटात गाडी लागणाऱ्या मुलांना इथेही लागण्याची शक्यता धरून चाला. मळमळलं की थांबायचं, दामटायचं नाही. मॉनिटर डोळ्यांच्या सरळ रेषेत आणि मधोमध हवा, नाहीतर मान आखडते. अवरक्त कॅमेऱ्याला मागच्या खिडकीतलं ऊन सहन होत नाही, चष्म्यावरची चमकही त्याला फसवते. त्यावर उपाय म्हणून मूल खोलीत अंधार करून बसतं. तसं बसू देऊ नका. पडदा ओढा, पण दिवा लावा.

आता थोडं त्या खेळांविषयी, कारण सगळे गेम एका मापाने मोजणं मला पटत नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 1982 पासून आहे. एक्स-प्लेन, डीसीएस वर्ल्ड, युरो ट्रक सिम्युलेटर 2, असेटो कोर्सा ही त्याच घराण्यातली नावं. यांत बराच वेळ काहीच ‘घडत’ नाही. वारा कुठला, वेग किती, इंधन किती, धावपट्टीची दिशा कुठली, हे बघत बसायचं असतं. विमान उतरवताना धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जायचं, ती खांद्यामागे साधारण 45 अंशांवर गेलेली दिसली की वळायचं. हेड ट्रॅकर असला की मूल इथे मान वळवून खरोखर बघतं. गाडीच्या शर्यतीत वळण यायच्या आधी नजर वळणाच्या आतल्या कडेला जाते, हात मागून येतात. बाहेर बघणं ही वैमानिकाची पहिली सवय. आणि उड्डाण शिकवणारे नेमकी हीच तक्रार करतात, की घरच्या सिम्युलेटरवरून आलेली मुलं काट्यांकडेच बघत बसतात. हेड ट्रॅकर त्या खोडीवर थोडाफार उतारा आहे.

थोडाफारच. पंधरा अंशांत मागचं जग दिसण्याची सवय रस्त्यावर कामाची नाही. तुमची मुलगी पुढे स्कूटर शिकेल तेव्हा तिला आठवणीने सांगा, की इथे मान पुरती वळवायची आणि खांद्यावरून बघायचं. आणि ‘मी पायलटच होणार, मग अभ्यास कशाला’ असं कुणी म्हणालं तर तेही स्पष्ट करा. घरच्या सिम्युलेटरवरचे तास वैमानिकाच्या लॉगबुकात धरत नाहीत. आपल्याकडे व्यावसायिक परवान्याला प्रत्यक्ष उड्डाणाचे 200 तास लागतात, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी वेगळीच. हे धाक म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा. खरी ओढ असलेलं मूल उलट विचारेल, ‘परीक्षेला कुठले विषय असतात?’

व्यसनाची भीती तुमच्या मनात आहे, आणि ती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार नोंदवलेला आहे. पण त्याच्या खुणा नीट बघा: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळ वाढत जाणं, आणि हे साधारणपणे वर्षभर चालणं. शनिवारी तीन तास विमान उडवून जेवायला हाक मारल्यावर ‘लँड करून येतो’ म्हणणारं मूल त्यात बसत नाही. त्याला लँड करू द्या, दहा मिनिटं. उतरताना अर्ध्यात सोडायला लावणं म्हणजे शेवटच्या षटकात टीव्ही बंद करणं. झोप उडाली, मित्र सुटले, शाळेला दांड्या सुरू झाल्या, तर मात्र वाट न पाहता समुपदेशकाकडे जा.

एक मागणं आहे तुमच्याकडे. येत्या रविवारी त्या खुर्चीत स्वतः बसा. मुलाला सांगा, मला जुहूला विमान उतरवायचंय. 1932 च्या 15 ऑक्टोबरला कराचीहून टपाल घेऊन निघालेले जेआरडी टाटा तिथेच उतरले होते, हेही त्याला सांगा. मान जास्त वळेल, दृश्य भोवंडेल, विमान बहुधा समुद्रात जाईल, आणि मूल तुम्हाला ‘आई, आधी बाहेर बघ ना!’ म्हणून ओरडेल. ओरडू द्या. खरेदीचं आणि वेळेच्या मर्यादेचं त्यानंतर बोला.