निराधारचा पगार: अर्ज टिकावा कसा?

मन्मथस्वामींच्या समाधीमुळे बीड तालुक्यातलं कपिलधार दूरवर ओळखलं जातं. या भागातली कितीतरी कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात. अशाच एका घरातली पुतणी आणि तिचे निवृत्त तलाठी आप्पा यांचा हा संवाद.

पुतणी: आप्पा, उसाच्या ट्रॉलीखाली सापडून दादाचा पाय गेला. निराधारच्या पगाराचा अर्ज केला, तर तो परत आला.

आप्पा: का परत आला, ते लेखी दिलंय का?

पुतणी: नाही. ‘कागद कमी आहेत’ एवढंच सांगितलं.

आप्पा: मग कोणता कागद कमी आहे ते आधी लेखी माग. तोंडी नकारावर दाद मागणं अवघड जातं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगाला मुख्यतः तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: किमान ४० टक्के दिव्यांगत्व, ५० हजारांच्या आतलं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आणि राज्यात १५ वर्षांचा रहिवास. मंजूर झालं की महिन्याला २,५०० रुपये मिळतात.

पुतणी: पाय तर सगळ्यांना दिसतोय. मग टक्के कशाला?

आप्पा: कार्यालय कागद बघतं, पोरी. म्हणून पहिलं काम वैश्विक ओळखपत्राचं, म्हणजे यूडीआयडीचं. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. जाताना डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, शस्त्रक्रियेचे कागद तारखेप्रमाणे लावून ने. डॉक्टर ठरलेल्या निकषांनी मोजतात. जुना उपचार कागदावर दिसला तर त्यांना नीट मोजता येतं.

पुतणी: थोडं वाढवून सांगितलं तर?

आप्पा: अजिबात नको. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात खोटा लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण संकोचून कमीही सांगू नये. कुबडीशिवाय चालता येत नाही, मोळी उचलता येत नाही, हे जसं आहे तसं सांगायचं.

पुतणी: आणि टक्के कमी आले तर?

आप्पा: त्याच कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल, तर मुदत संपण्याआधी पुन्हा तपासणी करून घ्यायची.

पुतणी: आमच्याकडे आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं.

आप्पा: अर्ज अडकतात ते इथंच! नाव, जन्मतारीख, पत्ता सगळ्या कागदांवर एकच करून घे. बँक खातं आधारला जोड, कारण अनुदान थेट खात्यात येतं. अर्जात चालू मोबाइल नंबर दे. तुम्ही सहा महिने कारखान्यावर असता; नंबर बंद पडला की तपासणीची तारीख कळतच नाही. टोळी निघण्याआधीच अर्ज दे, पोचपावती घे आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घरी ठेव.

पुतणी: मंजूर झाल्यावर काही करावं लागतं?

आप्पा: दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर चालू पगारही थांबू शकतो.

पुतणी: एवढं सगळं दादाला एकट्याला जमायचं नाही.

आप्पा: त्याला एकट्याला पाठवूच नका. घरातलं लिहितं-वाचतं माणूस सोबत जाऊ दे. गावात ज्यांना शिक्षण मिळालंय त्यांनी शेजारच्या दिव्यांगाचे कागद एकदा बसून तपासून द्यावेत. हा पगार त्याचा हक्क आहे आणि तो मिळवून देणं आपल्या सगळ्यांचं काम आहे.