फार्मसीतील स्वयंचलन : आधी लहान चाचणी-लाईन

वसई पूर्वेच्या गोखिवरे, वालीव, सातिवली या औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांत औषधनिर्मितीची यंत्रे तयार करणारे कारखाने आहेत. गोळ्या पाडणे, बाटल्या भरणे, झाकणे बसविणे, लेबले लावणे ही कामे आपोआप करणारी यंत्रे आणि भरलेल्या बाटल्या उचलून खोक्यात मांडणारे यांत्रिक हात आज उपलब्ध आहेत. लहान फार्मसीचा मालकही त्यांचा विचार करू लागला आहे. यंत्र घ्यावे की नाही, यापेक्षा कोणते काम यंत्राकडे सोपवावे आणि ते आधी कसे पडताळावे, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

चाचणी-लाईन म्हणजे काय?

प्रत्यक्ष निर्मितीचा क्रम तोच ठेवून, अल्प प्रमाणात व थोड्या खर्चात उभारलेली यंत्रांची मालिका म्हणजे चाचणी-लाईन. चूक व्हायची असेल तर ती चार किलो चूर्णात व्हावी, चारशे किलोंत नव्हे, हा तिचा हेतू. इतर उद्योगांत ही पद्धत रुळलेली आहे. जर्मनीतील डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठाने २००७ साली शिकण्यासाठीचा असा छोटा कारखानाच सुरू केला. आपल्याकडे केंद्र शासनाच्या ‘समर्थ उद्योग भारत ४.०’ या उपक्रमाखाली पुणे, दिल्ली व बंगळुरू येथे स्वयंचलनाचे प्रात्यक्षिक देणारी केंद्रे उभी राहिली. आधुनिक औषधनिर्मितीत गोळ्यांच्या स्थिरता-अभ्यासासाठी पथदर्शी बॅच प्रत्यक्ष बॅचच्या किमान एक दशांश अथवा एक लाख गोळ्या, यांपैकी जे अधिक असेल तेवढी, असा संकेत आहे. तो आयुर्वेदीय औषधांसाठी केलेला नसला, तरी त्यामागील विचार आपणही ध्यानी घ्यावा. फारच लहान चाचणी मोठ्या बॅचबद्दल काही सांगत नाही.

प्रमाण वाढले की पाक बदलतो

पातेल्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर त्यात आठपट द्रव मावतो, परंतु उष्णता घेणारा व वाफ सोडणारा पृष्ठभाग चौपटच होतो. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला निम्मा पृष्ठभाग येतो. लहान पातेल्यात दोन तासांत चतुर्थांश उरणारा क्वाथ मोठ्या पातेल्यात तितक्याच वेळात सिद्ध होणार नाही. म्हणून यंत्र घड्याळावर न चालवता उरलेल्या द्रवाच्या मापावर चालवावे. स्नेहपाकात तर कल्क तळाशी बसून करपण्याचा धोका मोठ्या भांड्यात अधिक असतो.

अनुभवी हाताचे ज्ञान यंत्राला

कल्काची वर्ती वळणे, ती अग्नीवर टाकता तडतड न होणे, तैलात फेस येणे आणि घृतात तो शमणे ही सिद्धिलक्षणे आपण सर्व जाणतो. यंत्र मात्र ती आपण सांगितल्याखेरीज जाणत नाही; ती मापांत उतरवून द्यावी लागतात. उदाहरणार्थ, पाकात जलांश शिल्लक असेतो तापमान शंभर अंश सेल्सियसच्या आसपास रेंगाळते आणि तो संपत आला की चढू लागते. ज्या क्षणी अनुभवी कारागीर ‘झाले’ म्हणतो, त्या क्षणाचे तापमान व वजन टिपून ठेवावे. अनेक पाकांच्या अशा नोंदी जमल्या की यंत्राला मर्यादा घालून देता येते. हा कारागीर निवृत्त झाल्यावर यंत्र आणले, तर त्याचे ज्ञान यंत्रातही उतरत नाही आणि फार्मसीतही उरत नाही. म्हणून चाचणी-लाईनवर त्यालाच प्रमुख नेमावे. यंत्र आले म्हणून पहिली गदा त्याच्यावर येऊ नये.

चाचणी कशी घ्यावी?

१) आरंभ शेवटच्या टप्प्यापासून करावा. मोजणी, भरणी, लेबल व खोकेबंदी या कामांत औषधाच्या घटनेस धक्का लागत नाही. पाक, भावना व भस्मनिर्मिती यांकडे सर्वांत शेवटी वळावे.

२) यंत्र पाहावयास जाताना स्वतःचे चूर्ण बरोबर न्यावे. सहज घरंगळणाऱ्या पिठावर यंत्र उत्तम चालते. तंतुमय मुळांचे चूर्ण नळीत अडकते, तर गुग्गुळ घर्षणाच्या उष्णतेने मऊ होऊन साच्याला चिकटतो. यंत्राचा कारखाना वसईतच असेल तर ही परीक्षा अर्ध्या दिवसाचे काम आहे.

३) एक चाचणी उन्हाळ्यात व एक भर पावसाळ्यात घ्यावी. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत मे महिन्यातले मोकळे चूर्ण जुलैत गोळा होते.

४) एकाच मिश्रणाचे दोन भाग करून एक हाताने व एक यंत्राने पूर्ण करावा. लागोपाठ तीन बॅचेसमध्ये वीस-वीस गोळ्यांचे वजन, आर्द्रता व विघटनाचा काळ ताडून पाहावा. पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीस भारतीय औषधकोशाच्या धर्तीवर सरासरीच्या पाच टक्के कमी-अधिक इतकी सूट धरावी. वीसांपैकी दोनहून अधिक गोळ्या तिच्याबाहेर नसाव्यात आणि एकही दहा टक्क्यांपलीकडे नसावी. रूप, रस, गंधाची परीक्षा करणाऱ्या वैद्यास कोणता भाग यंत्राचा हे सांगू नये.

५) औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील शेड्यूल टी २००० साली लागू झाल्यापासून बॅचनिहाय नोंदी ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहे. चाचणीच्या बॅचलाही तीच शिस्त लावावी. चाचणीतील औषध सर्व तपासण्यांत उत्तीर्ण झाल्याखेरीज रुग्णापर्यंत जाता कामा नये.

समारोप

लहान फार्मसीची पुंजी बेताची असते. एका चुकीच्या यंत्रात ती अडकली की कच्च्या द्रव्याच्या प्रतीवर काटकसर सुरू होते आणि तिची किंमत अखेर रुग्ण मोजतो. एकेका फार्मसीस चाचणी-लाईनचा खर्च पेलणारा नसेल, तर जवळपासच्या चार-पाच फार्मसींनी मिळून ती उभारण्याचा विचार करावा. यंत्राने सातत्य येते. कोणत्या गोष्टीत सातत्य हवे, हे मात्र वैद्यानेच ठरवावयाचे असते. सदोष पाक यंत्रावर चढविला, तर यंत्र तो दोषही तितक्याच सातत्याने प्रत्येक बाटलीत भरील.