कागदाचें तारूं आणि बंद दार
(रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठीं एक पाठ)

गांधीबाग, नागपूर



खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत रविवारची शाळा चालविणाऱ्या उपदेशकांपुढें एक अडचण नेहमीं उभी राहते. मुलें गोष्ट ऐकतात, माना डोलावितात, आणि शाळा सुटतांच सारें विसरून जातात. परंतु जें त्यांनीं स्वतःच्या हातांनीं केलें, तें त्यांच्याबरोबर घरीं जातें. म्हणून कागदाच्या साध्या कामानें पवित्र शास्त्रांतील गोष्ट कशी शिकवावी, हें येथें नोहाच्या तारवावरून दाखविलें आहे. (उत्पत्ति, अध्याय ६ ते ९.)

ही रीति नवी नव्हे. जर्मन शिक्षक फ्रोबेल ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांतच लहान मुलांच्या शिक्षणांत कागद दुमडणें व कातरणें ह्यांस स्थान दिलें. आपल्या नागपुराजवळ वर्धा येथें सन १९३७ च्या ऑक्टोबरांत शिक्षणपरिषद भरली, तींत महात्मा गांधींनीं असा विचार मांडिला कीं, हस्तोद्योग ही शिक्षणाची केवळ जोड नसून तें शिक्षणाचें साधनच व्हावें. तोच नियम येथें पाळावा. गोष्ट संपल्यावर मुलांस रमविण्याकरितां कागद देऊं नये. कागद दुमडतां दुमडतां गोष्टच उलगडत जावी.

साहित्य. — गांधीबाग ही नागपुरांतील कापडाची मोठी पेठ आहे. लग्नासाठीं किंवा नाताळासाठीं कापड घ्यावयास आपण आलां, तर दुकानदाराजवळ टाकाऊ पुठ्ठा मागून पाहावा. कापडाच्या घडींतून व खोक्यांतून तो निघतो. न मिळाल्यास जुन्या वर्तमानपत्राचे तीन-चार ताव कणकेच्या खळीनें एकावर एक चिकटवून रात्रभर वाळवावे. संक्रांतीनंतर फाटके पतंग झाडांखालीं पडलेले असतात. त्यांचा रंगीत कागद मुलांकडून जमवून ठेवावा. कातर एकच असली तरी पुरे. ती शिक्षकानें आपल्या हातीं ठेवावी.

कृति. — शास्त्रांत तारवाचें माप दिलें आहे : लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात. दहा हातांस मुलाच्या एका बोटाची रुंदी धरावी. म्हणजे ३० बोटें लांब, ५ बोटें रुंद आणि ३ बोटें उंच अशी पेटी होईल. तिच्यासाठीं ३६ बोटें लांब व ११ बोटें रुंद पुठ्ठा घ्यावा. चारी कडांपासून तीन तीन बोटें आंत रेघा आखाव्या. प्रत्येक कोपऱ्याशीं एका रेघेवर काप द्यावा, बाजू उभ्या दुमडाव्या आणि कोपरे खळीनें जोडावे. लांब बाजूस दार कातरावें. त्याची एक कड मात्र तशीच ठेवावी, म्हणजे तें उघडेल व मिटेल. तारवास तीन मजले होते, म्हणून एक एक बोट अंतरावर आंत दोन आडव्या पट्ट्या बसवाव्या. वरून छप्पर घालावें. हीं मापें मुलांकडूनच मोजवावीं.

धडा. — पेटी तयार झाली कीं मुलें विचारतील, “गुरुजी, शीड कोठें आहे? वल्हीं कोठें आहेत?” हा प्रश्न येईपर्यंत थांबावें, आपण होऊन उत्तर देऊं नये. मग वचन वाचून दाखवावें. तेथें शिडाचा, वल्ह्यांचा किंवा सुकाणूचा उल्लेख नाहीं. नोहानें आज्ञेप्रमाणें तारूं बांधिलें. तें पाण्यावर कोठें जावें हें त्याच्या हातीं नव्हतें. तोंडी सांगितलेली ही गोष्ट निसटून जाईल. रिकामी पेटी हातांत धरलेल्या मुलाला ती आपोआप समजेल.

नंतर कागदाचीं आठ माणसें व जनावरांच्या जोड्या मुलांनीं आंत ठेवाव्या, आणि शिक्षकानें विचारावें, “आतां दार कोण लावील?” शास्त्र सांगतें कीं, परमेश्वरानें तें लाविलें. (उत्पत्ति ७:१६.) येथें देवाची आकृति कातरूं नये. दार मिटावें व क्षणभर स्तब्ध राहावें, एवढें पुरे.

एक कठीण प्रश्न. — वर्धा, वैनगंगा, कन्हान ह्यांच्या कांठच्या गांवांत पूर हा परका नाहीं. एखादें मूल विचारील, “देवानें नोहाला वांचविलें, मग आमच्या दादाला कां नाहीं?” ह्या प्रश्नासाठीं शिक्षकानें आधींच तयारी करावी. बुडालेला मनुष्य पापी होता, असें चुकूनही सुचवूं नये. नागपुरास सन १८४५ मध्यें मिशनचें काम सुरू करणारे स्टीफन हिस्लॉप, ज्यांचें नांव हिस्लॉप कॉलेजास आहे, तेच सन १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाकडून परत येतांना नाल्याच्या पुरांत बुडून मरण पावले. त्यांच्या मरणास कोणी शिक्षा म्हणेल काय? शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हांही प्रभूनें तसा तर्क करण्यास मना केली. (लूक १३:४, ५.) म्हणून त्या मुलाजवळ बसावें, दादाचें नांव विचारावें, आणि “ह्याचें कारण मला ठाऊक नाहीं” असें म्हणण्यास लाजूं नये.

मग पतंगाच्या कागदाच्या रंगीत पट्ट्यांचें मेघधनुष्य करून छपरावर लावावें. त्याचें वचन आहे तेवढेंच सांगावें : जलप्रलयानें सर्व पृथ्वीचा नाश पुन्हां होणार नाहीं. (उत्पत्ति ९:११.) कोणत्याही नाल्यास पूर येणार नाहीं, असें तें वचन नव्हे. मुलाला वचनापलीकडील आशा दिली, तर पहिल्याच पावसाळ्यांत त्याचा शिक्षकावरील विश्वास उडेल.

विचारावयाचे प्रश्न. —
१. तारवाची लांबी रुंदीच्या किती पट होती?
२. तारवांत किती माणसें होतीं?
३. तारूं चालविण्याचें साधन कोणतें होतें?
४. दार कोणीं लाविलें?
५. मेघधनुष्य कोणत्या वचनाची खूण आहे?

शेवटीं तारूं शाळेच्या भिंतीवर टांगून ठेवूं नये. दर रविवारीं एकेका मुलानें तें घरीं न्यावें, आणि चुलीपाशीं बसून आईला व आजीला सारी गोष्ट सांगावी. ज्या घरांत वाचतां येणारें कोणी नाहीं, तेथें त्या दिवशीं तें मूलच वाचक होईल. तारूं चुरगळून परत आलें तर रागावूं नये. तें घरांतल्या पुष्कळ हातांतून फिरलें, एवढाच त्याचा अर्थ. दुसरें करावें. कणीक व जुने ताव कोणत्याही गांवांत मिळतात.